अर्धा अथर

जबल अखदरच्या पायथ्याला, आमच्या गावात,
पाणी सावलीनं मोजायचे.
मशिदीमागच्या मोकळ्या जागेत एक काठी रोवलेली.
तिची सावली या दगडावरून त्या दगडावर सरकली
की झाला एक अथर. म्हणजे साधारण अर्धा तास.
तेवढा वेळ फलजचं पाणी तुमचं,
मग चिंध्या कोंबून आपलं तोंड बुजवायचं,
शेजाऱ्याचं उघडायचं.

माझ्या बापाचं आणि खलफान बिन रशूदचं
भांडण होतं अर्ध्या अथराचं.
पंधरा मिनिटं.
अकरा वर्षं चाललेली पंधरा मिनिटं.

बाप म्हणे, आजोबांनी ती उसनी दिली होती.
खलफान म्हणे, विकली होती, दोन शेळ्यांना.
कागद नव्हता. साक्षीदार कबरस्तानात.

तरी सकाळी पाटाच्या काठावर गाठ पडली
की आधी सलाम, मग तब्येत, मग पोरंबाळं,
मग खलफानच्या गाढवाचा लंगडा पाय,
मग पाऊस, जो नसायचाच,
आणि हे सगळं रीतसर आटोपलं
की बाप घसा खाकरून म्हणे,
"त्या अर्ध्या अथराचं, भाऊ, तुला चुकीचं आठवतंय."
"देव तुला आयुष्य देवो," खलफान म्हणे, "तुला."
आणि दोघं आपापल्या खजुरांकडे.

मी दहा वर्षांची. मला कंटाळा यायचा.
भांडायचंय तर भांडा ना एकदाचं!
लोक भांडले की एकमेकांना पाण्यात पाहतात, ऐकलं होतं.
हे दोघं पाण्यात
नुसतं पाणी पाहायचे.

एकदा माझा भाऊ मुंधिर,
मिसरूड नुकतं फुटलेलं, जिभेला हाड नाही,
अरीफसमोर भर बैठकीत खलफानला म्हणाला,
"खोटारडा."
एवढंच.
कॉफी ओतणाऱ्याचा हात हवेत थांबला.

बाप तिथे काही बोलला नाही.
घरी येऊन झाडावर चढला,
खलासचा पहिला घड उतरवला,
टोपली भरून मुंधिरच्या डोक्यावर ठेवली.
"जा. माफी माग."
"पण पाणी आपलंच आहे ना?"
"आपलंच आहे. तो चुकतोय.
चुकणारा खोटारडा नसतो.
आणि असला, तरी ते तू सांगायचं नाहीस."

मी मागोमाग गेले, सांडलेले खजूर वेचत,
निम्मे खात.
खलफाननं दारात उभं राहून माफी ऐकली, पूर्ण,
मध्ये न बोलता.
रिकामी टोपली परत देऊ नये
म्हणून तीत लिंबं भरली, आणि म्हणाला,
"बापाला सलाम सांग.
सांग, खजूर उत्तम आहेत.
असणारच.
माझ्या पाण्यावर पिकलेत."

बाप ते ऐकून चिडला. मग हसला. मग परत चिडला.
लिंबं मात्र आईनं वाळवली, वर्षभर पुरली.

बाप गेला तेव्हा खलफान तिन्ही दिवस आला,
सगळ्यांत शेवटी उठायचा.
पुरे म्हणायला आमच्यात फिंजान हलवतात, दोनदा, हलकेच.
तिसऱ्या दिवशी त्यानं तो हलवलाच नाही.
मुंधिर ओतत राहिला, तो पीत राहिला,
मी आतल्या खिडकीतून मोजत होते,
चौथा, पाचवा,
सहाव्याला म्हणाला,
"तुझा बाप चुकत होता."

माणसं खाली बघायला लागली.

"आता सकाळी हे
मी कोणाला सांगू?"

मुंधिरनं दल्ला खाली ठेवला.
त्याची तब्येत विचारली. मुलींचं विचारलं.
गाढव मरून चार वर्षं झाली होती,
तरी त्याचंही नाव काढलं.
मग घसा खाकरून म्हणाला,
"काका, देव तुम्हाला आयुष्य देवो,
चुकताय तुम्ही."

तेव्हा कुठे
खलफाननं फिंजान हलवला.