चौदावी गोळी

सीपीआरच्या औषधखिडकीला जाळी आहे,
जाळीला वीतभर भोक.
त्यातून दिवसाला तीनेकशे हात आत येतात,
तोंडं मी फारशी बघत नाही.
दस्तगीर नदाफचा हात काळा,
उद्यमनगरच्या फौंड्रीतला, नखांत मोल्डिंगची वाळू,
आणि त्या दिवशी तो हात हुडहुडत होता
मे महिन्यात, दुपारी दोन वाजता.

चिठ्ठीवर : व्हायवॅक्स.
क्लोरोक्विन तीन दिवस. प्रायमाक्विन चौदा.

"ह्यो जंतू खातोय तरी काय ओ आमच्यात?"

मागं रांग कुरकुरत होती.
"जेवून घ्या" एवढं म्हणून मोकळी झाले असते,
पण लोखंडातला माणूस, म्हणून सांगितलं :
तुमच्या रक्तपेशीत तो भट्टी लावतो.
लाल असेल ते वितळवून गिळतो,
खाली उरतं लोखंडाचं कीट, जहरी.
अंगाला लागलं तर स्वतःच मरेल,
म्हणून त्याच्या काळ्या विटा पाडतो
आणि कोपऱ्यात रचून ठेवतो.
क्लोरोक्विन फार काही करत नाही,
विटा पाडू देत नाही, बस्स.

"म्हंजे स्लॅग काढायचा बंद," तो म्हणाला,
"मग फर्नेस बसतीयाच की."

चार वर्षं बी.फार्मला घासली मी.
इतक्या थोडक्यात कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या मागं कसबा बावड्याचा एक पोरगा,
जुलाब, आव, मेट्रोनिडॅझोल.
तोंडाला तांब्याच्या पैशाची चव येईल, घाबरू नको,
आणि गोळ्या संपल्यावरही तीन दिवस
दारूचा थेंब नाही, नाहीतर उलट्यांनी आडवा होशील.
"रविवारी भावाची हळद हाय, मॅडम."
हळद लाव की, प्यायला कोण सांगतंय?
रांग पहिल्यांदा हसली.

दस्तगीर परत आला तो गणपती उठल्यावर.
तोच हात, तीच थंडी.
"औषध बोगस हाय तुमचं."
मी भांडले नाही. पाकीट दाखवा म्हटलं.
खिशातून निघालं, घामानं मऊ झालेलं,
आत प्रायमाक्विनच्या नऊ गोळ्या जशाच्या तशा.
"ताप पाचव्या दिवशी गेल्ता. मग कशाला खायच्या?"

कशाला.
रक्तातले मेले होते, दस्तगीरभाई.
काही यकृतात झोपले होते.
झोपलेल्याला भूक नाही,
भूक नाही म्हणून भट्टी नाही, कीट नाही,
क्लोरोक्विन त्यांच्या दारावरून गेलं
आणि त्याला आत कुणी आहे असं वाटलंच नाही.

"आन् ही दुसरी कशी मारती?"
खरं सांगू? पुस्तकात तिथं "बहुधा" लिहिलंय.
एवढं मात्र नक्की,
काहींच्या रक्तपेशी ती त्यांच्याच अंगात फोडते,
लघवी कोऱ्या चहासारखी होते,
म्हणून तर मेमध्ये आधी तुमचं रक्त तपासलं.
तुमचं ठीक आहे. तुम्हाला सबब नाही.

तो बराच वेळ गोळीकडे बघत राहिला,
जसं कास्टिंग फोडून बघतात,
आत पोकळी राहिली का.

या वेळी मी रजिस्टरात चौदा चौकोन आखले.
हे माझ्या कामात बसत नाही.
रोज संध्याकाळी एक फोन, एक खूण.
नवव्या दिवशी उचलला नाही. दहाव्याला म्हणाला,
"दोन घेऊ का आज?" मी ओरडले.

चौदाव्या रात्री शटर ओढता ओढता फोन लावला.
पलीकडं भट्टीची घरघर, कुणीतरी शिव्या देत होतं.
"घेतली?"
"ही काय, हातातच हाय."
मग पाण्याचा घोट ऐकू आला,
किंवा ब्लोअरचा आवाज असेल.

यकृत बोलत नाही.
चौदाव्या चौकोनात मी खूण केली,
पेन्सिलनं.