डोक्याला न विचारता

सावद्याला केळीचे घड भरताना
सुपडू सपकाळे ट्रकवरून पाठीवर आला.
छातीच्या आठव्या मणक्याशी आवाज झाला,
तो सांगतो, केळीचा ओला दांडा मोडतो तसा.
त्यानंतर डोक्याचा निरोप
बेंबीखाली उतरला नाही.

मी जळगावच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट.
त्याला छताच्या दोऱ्यांना टांगते,
खाली फिरता पट्टा, पट्ट्यावर त्याचे पाय.
एक मी धरते, एक रमजान तडवी.
टाच, चवडा. टाच, चवडा.
मे महिना, कूलर नुसता गरम वारा फेकतोय,
आणि आम्ही तिघं मिळून एक माणूस चालवतोय.

कण्यातल्या त्या करंगळीएवढ्या दोरीत
एक शाळा भरते, हेडमास्तर नसलेली.
तिथं कालचा दिवस
काल म्हणून आठवत नाही कुणाला.
फक्त जे पुन्हा पुन्हा येतं
त्याची वाट रुंद होत जाते,
शिवारातून गाडवाट पडते तशी.
ती कुणी आखत नाही.

चौथ्या आठवड्यापासून
उजव्या पायापुढे वेताची काठी आडवी धरली.
पाय आदळला. आदळला. रोज आदळला.
नवव्या दिवशी
काठीच्या आधीच उठला, बोटभर वरून गेला.

"मी नही उचलला," सुपडू म्हणाला,
"माह्यापर्यंत काहीच आलं नही."
आणि पायाकडे असा बघत राहिला
जशी सुरतेला गेलेल्या धाकट्या भावाची
पहिली मनीऑर्डर यावी.

त्याची बायको सिंधू ऑर्डरीचे मांडे करते.
मनगटावरचे जुने डाग दाखवत म्हणाली,
"पहिल्या साली खापराजवळ गेला
का हात आपसूक मागं यायचा.
मंग यायचा राहिला.
कोन्या दिवशी, ते त्यालेच माहीत."

तो चालू लागला, असं मी लिहिणार नाही.
व्हीलचेअरचा फॉर्म मीच भरला,
मापं घेतली, सही घेतली.

शेवटच्या दिवशी रमजाननं
काठी कोपऱ्यात उभी करून ठेवली.
पट्टा फिरला. पाय त्या जागी आला
आणि वर उठला,
काहीच नसलेल्यावरून, जपून.

सुपडू बराच वेळ खाली बघत होता.
मग मला जवळ बोलावून, आवाज दाबून,
"त्याले सांगू नका ताई,
काठी काढली म्हणून."