कानाडोळा

ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर सूर्य उगवायचा थांबतो.
आमच्या वॉर्डाचं त्याने काही अडत नाही.
दहा खाटा, दहा मॉनिटर,
आणि मागच्या वर्षापर्यंत एकेका पाळीत
हजारभर टिंग, टुंग, टी-टी-टी.

बोटावरची क्लिप निसटली: टिंग.
कुणी कुशीवर वळलं: टुंग.
उचकी. खोकला.
मर्यादा एकशेवीस, नाडी एकशेएकवीस.
चालता चालता मी बटण दाबायचे,
न बघता,
आपल्याच घरचं दार ढकलावं तसं.
कान आधी किटले, मग मेले.

खाट सातवरच्या बोर्गहिल्डबाईंचं हृदय
त्याच आवाजात बोललं होतं.
अगदी त्याच.
आम्ही तिघीजणी हजर होतो.
अहवालात आहे: प्रतिसादास अकरा मिनिटे विलंब.
कानांनीच केला कानाडोळा,
हे लिहायला त्यात रकाना नाही.

उन्हाळ्यात एस्पेन आला, नवी यंत्रणा घेऊन.
ही लगेच ओरडत नाही.
नाडी वाढली तर रक्तदाबाची साक्ष काढते,
श्वासाला विचारते, खरं का ग?
निसटल्या क्लिपचं गाऱ्हाणं
पडद्यावर गुपचूप टिपून ठेवते.
उरलंसुरलं माझ्या खिशात थरथरतं.

पहिल्या रात्री फक्त बेचाळीस वेळा.
एस्पेन खूश.
मी खाटेखाटेशी उभी राहून
वरखाली होणाऱ्या छात्या मोजत होते.
किती सेकंद थांबायचं, ठरवलं कुणी?
"तुम्हीच. मार्चच्या बैठकीत."
खरं होतं. मी हात वर केला होता.

आज खाट चारवर आन्ते,
काउतोकेइनोकडचा, जन्मभर रेनडिअर राखलेला.
पहाटे पावणेचारला टक्क जागा.
"मागच्या खेपेला असं शांत नव्हतं."
मी विचारलं, कळपात जनावरं किती?
आणि जीभ चावली.
हे विचारायचं नसतं त्या लोकांत,
दुसऱ्याच्या पासबुकात डोकावल्यासारखं होतं.

तो हसला. "घंटा किती ते विचार.
थोड्याच गळ्यांत बांधतो.
सगळ्यांना बांधल्या तर
मी नुसता गोंगाट राखीन.
आणि घंटा ऐकायची नसते पोरी.
ती थांबली कधी, ते ऐकायचं."

काही बोलणार, तेवढ्यात खिसा थरथरला.
खाट नऊ.
कॉरिडॉरच्या त्या टोकाहून मारित, या टोकाहून मी,
पायांतले क्लॉग्ज खडखडत.
खरं की खोटं, पोचेपर्यंत माहीत नव्हतं.
पण पळालो.