परीटघडी

आन्कुदच्या इस्पितळाच्या तळघरात
एकोणीस वर्षं मी कपडे धुते.
वर कोण जगलं, कोण गेलं, मला कुणी सांगत नाही.
चादरी सांगतात.

धुण्याआधी खिसे उलटे करायचे, हा नियम.
पुरुष डॉक्टरांच्या खिशात पेनं, नाणी,
एकदा तर अख्खं सँडविच.
बायकांच्या खिशात
अर्धंच खाल्लेलं बिस्किट,
लेकीच्या केसांची पिन,
चिठोऱ्यावर घाईचं अक्षर: दूध, खाट सात, आईला फोन.
पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच चिठोरा.
दूध खोडलेलं, खाट सात खोडलेली,
आई तशीच.

डॉक्टर यास्ना ओयार्सोच्या कोटात
मार्चमध्ये एक पत्र होतं.
माझं लक्ष नव्हतं, धुतलं गेलं. लगदा झाला.
मेमध्ये दुसरं.
"सविनय कळवते की यापुढे मला"
एवढं मी वाचलं
आणि, खरं सांगते, मुद्दाम ड्रममध्ये टाकलं.
माझी नात पायाळू होती; हिच्याच हातांनी ती जगात आली.
अशी बाई बेटावरून जाऊन चालणार नव्हतं.
आम्हाला.
तिला काय चालणार होतं, ते मी साबणाबरोबर सोडून दिलं.

जुलैच्या कडाक्यात सांतियागोहून एक बाई आल्या
लवचिकता शिकवायला.
सुरेख स्वेटर, गोड आवाज.
छत्तीस तास उभ्या असलेल्या बायकांना त्यांनी
डोळे मिटायला सांगितले,
तर दोघी तिथेच घोरू लागल्या.
जाताना प्रत्येकीच्या हातात एक गुळगुळीत गोटा,
त्यावर निळ्या रंगात: श्वास घ्या.
पुढच्या धुण्याला माझ्या मशीनमध्ये
अकरा गोटे खडखडले.

लवचिकतेचं मला विचारा.
विजारींचं इलॅस्टिक रोज माझ्या हाताखालून जातं.
शंभर धुण्यांत ताणतं, परत येतं.
शंभरदा आपण म्हणतो, वा, काय टिकाऊ!
मग एक दिवस ते ताणलेलंच राहतं.
आवाज होत नाही.
विजार घसरते तेव्हा लोक म्हणतात,
नेसणारीला सांभाळता आली नाही.

ऑगस्टमधली एक सकाळ. सात वाजलेले,
पाळी संपलेली, बाहेर अजून अंधार.
ती कोरडे कपडे मागायला खाली आली.
बाहीवर काय सांडलं होतं, मी विचारलं नाही.
ड्रायरला पाठ लावून उभी राहिली.
म्हणाली, "एडेलमिरा, आज वर एक आई रडत होती
आणि मला घड्याळ दिसत होतं. फक्त घड्याळ."
मग, जरा वेळाने,
"मी अशी नव्हते गं."

मला बोलता येत नाही. मला चादरी देता येतात.
नुकत्याच निघालेल्या, भाकरीसारख्या ऊन,
सहा, सात, आठ, तिच्या भोवती रचल्या.
ती त्यांत बुडाली आणि झोपली,
तोंड किंचित उघडं,
हातात माझा टॉवेल.

फोन वाजला. कार्यालयातून:
"डॉक्टर ओयार्सो आहेत का?
कार्यशाळेचा अभिप्राय भरायचा राहिलाय."
"इथे फक्त धुणं आहे," मी म्हटलं.
आणि एक गोटा दाराच्या फटीत सारला,
घट्ट.
इतक्या दिवसांनी त्याचा श्वास कामी आला.

तिच्या कोटात तिसरं पत्र होतं.
या वेळी मी ते वाचलं नाही.
घाम लागून चुरगळलं होतं;
मंद इस्त्री फिरवली,
कोपऱ्याला कोपरा जुळवून परीटघडी घातली
आणि तिच्या खिशात परत ठेवलं.

माझे हात फाटलेत, साबणाने,
त्यांच्यासाठी अजून कुणी स्वेटरवाली आलेली नाही.
ते ड्रायरवर टेकवून मी स्टुलावर बसले.
दुपारचं धुणं तुंबलं.
तुंबू दे.