अळवाची भावकी

मुहर्रकमध्ये खिडकी उघडायची नसते.
तिच्या आतल्या अंगाला, एसीच्या गळक्या पाण्यावर वाढलेली
आमच्या फ्लॅटची बाग, सगळी परत गेलेल्यांची.
मनीप्लांट शैलजाचा, हॉर्लिक्सच्या बरणीतला;
ती नाशकाला निघाली तेव्हा बॅग आधीच तेवीस किलोंच्या वर.
ठिपक्यांचा डिफेनबेकिया एका फिलिपिनो अकाउंटंटचा,
नाव विसरले, कुंडीवर तिचा खोली नंबर आहे अजून.
सर्पपर्णी कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही.
व्हिसा संपतो, झाड संपत नाही,
ते पुढच्याच्या व्हिसावर चढतं.

अळू तेवढं माझं.
आंजर्ल्याहून अळकुडी आणली मोज्यात गुंडाळून.
कस्टमवाल्यानं मोजा दाबून पाहिला
आणि का कोण जाणे, हसून सोडून दिला.

मग जूनमध्ये बिब्बी आली,
गाडीखालच्या सावलीतून सरळ लिफ्टमध्ये.
पांढरी. नाकावर एकच काळा डाग.
आल्या आल्या तिनं घातलाच बिब्बा:
ठिपक्यांच्या पानाला तोंड लावलं,
रात्रभर लाळ, पंजानं जीभ ओढून काढायची धडपड.
तेव्हा कळलं, डिफेनबेकिया काय, मनीप्लांट काय,
सगळी अळवाचीच भावकी.
पानापानात सुया.
आपण चिंच घालतो, गूळ घालतो, शिजवून शिजवून खाज मोडतो.
मांजराला कोण चिंच घालणार?
कुंड्या चढवल्या कपाटावर, फ्रिजवर.
मांजराच्या भाषेत 'वर' म्हणजे
'जरा वेळानं'.

पण जीव जायची वेळ आली ती भावकीमुळे नाही.
जिन्सीनं ईस्टरला लिली आणली.
पाच फुलं, चर्चमधून, दोन्ही हातांत धरून, बसनं.
मी रात्रपाळीहून परतले तर बिब्बीच्या मिशांना पिवळं.
हळद असेल म्हटलं.
ती चाटून चाटून साफ करत होती.
किती स्वच्छ असतात मांजरं.

मी डायलिसिसला आहे, अकरा वर्षं.
मूत्रपिंड बोंब मारत नाही, गप्प होतं,
हे मी रोज चार तास बघते.
डॉक्टर म्हणाला, किती वेळ झाला?
मी म्हटलं, माहीत नाही, मी माणसांच्या ड्यूटीवर होते.

दोन दिवस सलाईन.
बोटाएवढ्या पायात सुई, वर निळी पट्टी.
ड्यूटी संपली की तिथे जाऊन थेंब मोजायचे,
ड्यूटीवर आले की इथले.
चार नंबरच्या बेडवरची उम्म नासेर
स्वतःच्या रिपोर्टआधी विचारायची,
गत्वा कशी आहे? तिचं क्रिएटिनीन किती?
तिसऱ्या दिवशी बिब्बी मुतली.
हा शब्द इतक्या आनंदानं
मी आयुष्यात उच्चारला नव्हता.

जिन्सीनं लिली कचऱ्यात टाकली नाही.
देवाचं फूल, म्हणाली, त्याचं त्याला परत,
आणि रडत रडत पुन्हा बस पकडली.
मनीप्लांट खालच्या सलूनवाल्याला दिला.
डिफेनबेकिया बँकेच्या रिसेप्शनवर गेला, तिथे शोभतो.
सर्पपर्णी आमच्या वॉर्डात, औषधांच्या कपाटाशेजारी.

राहिलं अळू.
चार दिवस कुंडी बाथरूममध्ये कोंडून ठेवली,
गुन्हेगारासारखी.
मग हॉस्पिटलच्या माळ्याकडे नेली, मोनिरुलकडे.
तो बघतच राहिला.
अरे, हे तर कोचू!
सिल्हेटमध्ये त्याच्या आईच्या तळ्याकाठी हेच.
मी म्हटलं, अळू. तो म्हणाला, कोचू.
पाचेक मिनिटं आम्ही भांडलो,
दोघांचंही खरं होतं.
त्यानं ते लाँड्रीमागे लावलं, पाइप गळतो तिथे.

काल त्यानं सहा पानं पाठवली, पेपरात गुंडाळून.
बिब्बीला दाराबाहेर ठेवलं. ती दारावर नखं ओढत बसली.
फदफदं केलं. डाळ होती, दाणे होते,
चिंच जरा कमी पडली.

घसा खाजला.
दोन घोट पाणी प्यायले, आणि पुन्हा वाढून घेतलं.