पाचासाठी सात

कुपवाडच्या शेडमध्ये पंखा बंद करून बसलेय,
त्याची घरघर स्कोपवर उमटते म्हणून.
टेबलावर दोन रेग्युलेटर.
एक अठ्ठ्याहत्तर-शून्य-पाच. पाठीला पत्रा, तीन पाय,
गणपती पेठेत आठ रुपयांना कुणीही देतं,
सोबत चहाही विचारतं.
दुसरा पुण्याहून कुरिअरने आला, बेचाळीस रुपये,
हरभऱ्याच्या डाळीएवढं अंग.
आदगोंडा शेठ म्हणाले, नाकापेक्षा मोती जड.

डबा हवाय मिरजेच्या मक्तूमचाचांना.
तारांचा तंबोरा ते स्वतःच करतात,
हा तंबोरा चिपवर वाजणारा,
जतच्या, कवठ्याच्या शिकणाऱ्या मुलींसाठी,
जिथे पलटा अर्ध्यात असतानाच वीज जाते.
जुन्या डब्यात अडॅप्टरचे बारा यायचे.
अठ्ठ्याहत्तर-शून्य-पाच त्यातले पाच पुढे द्यायचा
आणि उरलेल्या सातांचा ताप अंगावर काढायचा.
एप्रिलात बोट टेकवत नसे.
तरी कधी तक्रार नाही, कधी आवाज नाही.
मी डिप्लोमाला असल्यापासून ओळखते त्याला,
असली माणसंही ओळखते.

पण आता आत बॅटरी बसणार, सहा व्होल्टची.
आणि याची एक अट आहे: पाच हवेत, तर सात आण.
सहा दिले तर चारच्या वर थोडं काहीतरी देतो,
आणि काळी चारचा षड्ज
ओल्या भिंतीवरच्या खिळ्यासारखा
हळूच खाली येतो.
शिवाय काही काम नसतानाही
चहापाण्याला पाच मिलिअँपिअर घेतो.
रात्रभर. डबा कपाटात असताना.

म्हणून दुसरा लावला.
साडेपाचातूनही पाच काढून देतो हा,
स्वतःसाठी जवळजवळ काही घेत नाही.
खूश होऊन पायाशी नवा, स्वच्छ सिरॅमिक कपॅसिटर जोडला,
आणि चाचांना बोलावलं.

त्यांनी डब्याला कान लावला. बराच वेळ.
"स्वर बरोबर हाय बाई,
पन खालची जमीन हालतीय."

स्कोप लावला. चाळीस मिलिव्होल्टची थरथर,
पाचाच्या सरळ रेषेवर बारीक केसाळ काटे.
मग कागद नीट वाचला, जो आधी वाचायला हवा होता:
या भागाला फार शुद्ध कपॅसिटर मानवत नाही.
त्यात थोडा अंगचा विरोध लागतो,
नाहीतर हा स्वतःलाच सावरत सावरत डोलायला लागतो.

चाचांना हे कसं सांगावं, समजेना.
सांगितलं तेव्हा ते हसलेच.
"मग आम्ही घोडीवर दोरा कशाला घालतो?
तार नुसती मोकळी सोडली तर ठण्ण करून मरती.
दोरा जरा अडवतो, तवा जवारी उघडती."
खिशातून त्यांनी सुती दोऱ्याचा तुकडा काढला,
माझ्या टँटलमच्या शेजारी ठेवला.
पिवळा मणी, पांढरा दोरा.
शेठनी दोन्हींची किंमत विचारली.

टँटलम लावला. रेषा झोपली.
चाचांनी पुन्हा कान लावला, काही बोलले नाहीत,
फक्त गुडघ्यावरचं बोट सा-ला थांबलं.

रात्री बोर्ड काढताना बेचाळीस रुपयांचाच ठरवला.
पण मग जतचा तो दुरुस्तीवाला आठवला,
स्टँडमागे, एका बल्बखाली, डब्यात दहा-बारा जुने भाग,
पुण्याचं कुरिअर ज्याच्याकडे कधी येणार नाही.
शेजारी आणखी तीन भोकं मारली, रिकामी,
अठ्ठ्याहत्तर-शून्य-पाचच्या मापाची,
आणि बाण काढून कुठून आत, कुठून बाहेर, लिहिलं,
कारण दोघांचे पाय उलटे असतात.

तो लावला तर बॅटरीवर चालणार नाही हा डबा.
चार्जर लागलेला असेल, बॅटरी पावणेसातावर असेल,
तेवढा वेळ जेमतेम वाजेल.
वीज असेपर्यंत, म्हणजे.