मधलं अक्षर

सिदगोंडा बाळगोंडा मगदूम, वय एकाहत्तर,
राहणार वेदगंगेच्या काठाला.
हळदीच्या सरीत तीन झाडं सापडली.
पंचनाम्यात त्यांची उंची लिहिलीय, माणसांची लिहावी तशी:
पाच फूट दोन इंच, पाच फूट, चार फूट नऊ.

मी दुभाषी.
साहेबांची कन्नड त्याच्याकडे नेते,
त्याची मराठी साहेबांकडे आणते.
या जिल्ह्यात पाट्यांवरून दगड उडतात,
बसच्या काचा फुटतात,
पण गांजाला दोन्हीकडे गांजाच म्हणतात.
तेवढा एक शब्द मला कधी उचलून न्यावा लागला नाही.

झाडं कशाला?
'बैलासाठनं. पोट फुगलं की पाला वाटून घालतो.
आमचा आज्जा बी घालायचा.'
बैल कुठाय?
'गेला. दोन वर्सं झाली.'
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
हसण्याचं भाषांतर मी करत नाही.

मग साहेबांनी विचारलं, तूच लावलीस का?
आणि म्हातारा म्हणाला, ला… ली.
वरचे दात नाहीत, गालफड चुन्यानं जळालेलं,
मधलं अक्षर तिथंच कुठंतरी अडकलं.
लावली? की लागली?
लावली तर वर्षं. लागली तर कदाचित घर.
कन्नडमध्येही अंतर तेवढंच:
हच्चिदे, हत्तितु.
दिवा लावतात, आग लागते.
रोप लावतात, नाद लागतो.

कँटीनमध्ये आठवडाभर हाच वाद.
वकील मुतगेकर म्हणतात, परवाना द्या, कर घ्या,
दारूला दुकान आहे, याचंच काय वाकडं?
शिरस्तेदार म्हणतात, तुमची पोरं पुण्याला शिकतात,
आमची इथं रुळाच्या पलीकडं बसतात, संध्याकाळी येऊन बघा.
चहा निवतो. दोघंही माझ्याकडे वळतात.
दुभाष्याला मत नसतं, म्हणते मी,
आणि बशी पुसत बसते.

आई निपाणीच्या वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळत होती.
परवाना होता, कर होता, वजनाची पावती होती.
शेवटच्या उन्हाळ्यात खोकल्यातून एक वाक्य पुरतं येईना,
'पाणी' म्हणायलाही दोनदा थांबायची.
वखारीच्या मालकाला कुठल्या कोर्टानं काय विचारलं?
आजही येताना बसमधून दिसल्या
तंबाखूचे शेंडे खुडणाऱ्या बायका.
शेंडा खुडला की पान जाड होतं.
गांजाचं उलटं: पान सोडून देतात,
कायदा शेंडा तोलतो.

आणि भावाचा सुयोग.
टिळकवाडीच्या खोलीत दोन वर्षं, पडदे ओढून.
आत्या, झाडच आहे गं, म्हणायचा,
देवानं केलेलं, कारखान्यानं नाही.
आता गोळ्या घेतो. पंख्याशी बोलतो कधी.
वहिनी म्हणते गांजानं केलं,
भाऊ म्हणतो आधीपासूनच होतं त्याच्यात, गांजानं फक्त दार उघडलं.
डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.
तिथंही मधलंच अक्षर ऐकू आलेलं नाही कुणाला.

साहेबांनी पेन वर धरलं.
पुन्हा विचारता आलं असतं,
तेवढा अधिकार आहे मला.
मी म्हणाले, हत्तितु.
टायपिस्टची बोटं चालली.
पुढची तारीख पडली, दिवाळीनंतरची.

जिन्यावर त्याला गाठलं.
काका, खरं सांगा, लावली होती का?
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे,
पायऱ्या मोजत असल्यासारखं.
कनवटीची चंची सोडली, हुंगली.
'चुना हाय काय, बाई?'

माझ्या पर्समध्ये आईची डबी असते.
कशासाठी ठेवलीय, मला सांगता येणार नाही,
कुठल्याच भाषेत.
आतला चुना वाळून खडा झालेला.
त्यानं नखानं खरवडला, थुंकी लावली,
आणि कोर्टाच्या भिंतीला टेकून
निवांत मळत बसला.